गोदूवहिनीचा दोरा

आमच्या गोदूवहिनीचा जगात कुणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट तिनं कधी लपवून ठेवली नाही. लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधलं की त्यावर ती काळा दोरा गुंडाळायची आणि त्याला एक उलटी गाठ मारायची. ती गाठ तिच्या माहेरची. सोडल्यावर पुन्हा तशीच बांधणं सासरच्या कुणाला जमलं नाही. मी प्रयत्न केला होता, म्हणून सांगतो. तेलाच्या बाटलीला कोळशाची रेघ, पिंपातला तांदूळ सपाट करून त्यावर बोटानं काढलेली खूण, आणि रोज सकाळी परड्यातल्या एकेका माडाखाली फेरी. मी तिचा चुलत दीर, रत्नागिरीच्या शाळेत मास्तर, मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस. पण माझ्यासमोरही ती साखरेचा डबा पाठ फिरवून उघडायची. एकदा मी चिडून विचारलं, "वहिनी, माझ्यावरसुद्धा संशय?" तर म्हणाली, "तुमच्यावर नाही हो भावजी. मी डब्यावर लक्ष ठेवते."

तिचा नवरा धोंडूशेट खातू, म्हणजे माझा चुलतभाऊ, अगदी उलटा. रस्त्यावरच्या माणसाला घरात आणून जेवायला वाढील असा. त्यानं अठ्ठावीस साली मुंबईत कुणाची तरी वापरून झालेली एक लॉरी घेतली. पुढे दोघातिघांना बसायची बाकडी, मागे उघडा लाकडी हौदा. आंब्याच्या दिवसांत करंड्या भरून कोल्हापूरला न्यायच्या आणि येताना गूळ-कांदे आणायचे, असा धंदा. बत्तीस साली तापानं चार दिवसांत तो गेला. मूलबाळ नव्हतं. जो तो वहिनीला सांगू लागला, बाईमाणसाला मोटार कशाला, विकून टाका. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि ठरवलं की ज्या अर्थी एवढे लोक विकायला सांगताहेत, त्या अर्थी ती यांनाच हवी आहे. लॉरी राहिली. संशयानं तिचा फायदा झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकच उदाहरण.

लॉरीबरोबर तिचा ड्रायव्हर धाकू शिवलकर हाही राहिला. धाकू मूळचा दाभोळचा. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. पूर्वी तो किनाऱ्यानं जाणाऱ्या बोटीवर इंजिनखान्यात होता. तिथे एकदा एक पितळी कॉक, म्हणजे नळीची चावी, नाहीशी झाली, तेव्हा पाळी धाकूची होती. सिद्ध काहीच झालं नाही, पण साहेबानं त्याला पुढच्या बंदरावर उतरवलं आणि 'चोर' हा शब्द त्याच्याआधी घरी पोचला. दोन वर्षं त्याला बंदरात कुणी काम दिलं नाही. धोंडूशेटनं दिलं.

इंजिनाच्या बाबतीत धाकूची एक रीत होती. गाडी अडली की तो आधी हात लावत नसे. समोर उभा राहून तीन बोटं मोजायचा. "ठिणगी. तेल. वारा." इंजिनाला हे तीनच लागतात, चौथं काही लागत नाही, आणि बघायचं ते याच क्रमानं, असं त्याला बोटीवर कुणा म्हाताऱ्या मिस्त्रीनं शिकवलं होतं. इतर ड्रायव्हर नारळ फोडत, शिव्या देत, लाथा मारत. धाकू बोटं मोजायचा.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं, मालनचं, लग्न ठरलं होतं. मुलगा पालीचा. मुलाचा बाप रघू भाटकर, त्याचं कोल्हापूरच्या रस्त्यावरच चहाचं दुकान. या रघूनं बोटीवरची भानगड ऐकली होती आणि आधी नकारच दिला होता. मग त्याला कुणी सांगितलं की हा माणूस गोदूबाई खातूंच्याकडे सात वर्षं टिकलाय. रघू म्हणाला, "त्या बायनं ठेवलान म्हंजे मानूस चोख हाय." झालं, एवढ्यावर लग्न ठरलं. वहिनीचा संशय तालुक्यात इतका नावाजलेला होता की तिच्या पदरी असणं हाच दाखला. आता हा दाखला तेवढा ज्येष्ठातल्या लग्नापर्यंत टिकायला हवा होता, आणि धाकूला त्याची चिंता असणार.

वैशाख लागला तेव्हा एका सकाळी वहिनी मला म्हणाली, "पेट्रोल जातंय."

लॉरीची टाकी बसायच्या बाकड्याखाली असे. वरची गादी उचलायची की पितळेचं फिरकीचं टोपण. त्यातून बांबूची काडी आत बुडवायची आणि काडी कुठवर भिजली ते बघायचं. लॉरी दोन दिवस मांडवात नुसती उभी होती. वहिनीनं आदल्या दिवशी काडीला खूण करून ठेवली होती आणि आज ती बोटभर खाली आली होती.

"उन्हानं उडालं असेल," मी म्हणालो.

"उडायला त्याला काय पंख आहेत?" ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा गेलो तर ती ओटीवर बसून बोटांना खोबरेल चोळत होती. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी पडली होती. मी विचारलं तर म्हणाली, "फणसाचा चीक. बरण्या बुजवत होते." यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे वैशाखात फुटक्या घागरीपासून पत्र्याच्या डब्यापर्यंत सगळं चिकानं बुजवतात, आणि एकदा वाळला की चीक बोटांवरून आठ-आठ दिवस हलत नाही. मी चहा घेऊन घरी आलो.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला लॉरी पालीच्या चढावर बंद पडली. दुसऱ्या खेपेला तिथेच. तिसऱ्या खेपेलाही तिथेच. आंबे तापले, कोल्हापूरच्या दलालाची कुरकुर आली. धाकू परत आला तो खाली मान घालून.

"काय होतां तां कळत नाय, वैनी," तो म्हणाला. "हँडल मारलं की इंजिन गरागरा फिरतां, पन पेट घेत नाय. ठिणगी हाय. तेल खाली येत नाय. नळी फुंकून झाली, कचरा नाय. मंग टाकी उघडून काडी घालतंय, तर भरलेली. आनि टोपन लावून हँडल मारलं की एका झटक्यात चालू."

"टाकी उघडली की चालू?" वहिनीनं विचारलं.

"व्हय. तिन्ही टायमाला."

"बरं," वहिनी म्हणाली. तिचं 'बरं' मला माहीत होतं.

तो गेल्यावर आम्ही दोघं ओटीवर बसलो आणि विचार करू लागलो. आता विचार म्हणजे काय ते सांगतो. वहिनी म्हणाली, "एवढा लांब रस्ता. हातखंब्याला नाही, नाणिजला नाही, घाटात नाही. पालीलाच कशी बंद पडते?" आणि मी, शिकलेला माणूस, सुपारी कातरता कातरता म्हणालो, "व्याह्याचं दुकान पालीलाच आहे, नाही का?" वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या मनात ते आधीच आलं होतं की माझ्यामुळे आलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण मग सगळं जुळतच गेलं. गाडी मुद्दाम बंद करायची, बिघाड शोधायचं नाटक करायचं, टाकी उघडायची, पेट्रोल काढून व्याह्याच्या दुकानामागे ठेवायचं. त्यात बोटीवरचा तो कॉक होताच. मला माझ्या तर्काचं कौतुक वाटलं हे कबूल करतो.

वहिनीला मराठी वाचता येई पण लिहिण्याचा सराव नव्हता. तिनं माझ्याकडून दलालाला पत्र लिहवून घेतलं. 'आमचा ड्रायव्हर पाली मुक्कामी पेट्रोल उतरवितो असा दाट संशय आहे. तरी आपल्या पाहण्यात दुसरा भरवशाचा इसम असल्यास कळवावे.' मी ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि 'दाट' या शब्दाखाली रेघ ओढली. रेघ वहिनीनं सांगितली नव्हती.

चौथ्या खेपेला ती स्वतः निघाली.

खातूंच्या घरातली बाई लॉरीत बसून कोल्हापूरला जाणार म्हटल्यावर आळीतल्या बायका दारात आल्या. वहिनीनं तिकडे पाहिलंही नाही. उजाडायच्या वेळी तिनं धाकूला दहा पावलं लांब उभं केलं. माझ्याकडून टाकीत डबे ओतून घेतले, टोपण स्वतः घट्ट फिरवलं, आणि मग कनवटीचा काळा दोरा काढून टोपणाभोवती गुंडाळून तिची ती उलटी गाठ मारली. वर गादी टाकली आणि गादीवर बसली. "आता बघू," म्हणाली. धाकूनं हे सगळं पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो समोर जाऊन हँडल मारू लागला. लॉरी लगेच सुरू झाली. मला मागे करंड्यांवर जागा होती.

हातखंबा गेला. सकाळचं ऊन वर येत होतं आणि माझ्या खाली पेंढ्यातले आंबे घमघमत होते. पालीचा चढ आला. मी मनात म्हणत होतो, आज बंद पडायची नाही. आज बाई टाकीवर बसलीय, आज कशाला पडेल? तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं, गाडीनं एक हिसका दिला आणि आम्ही उभे राहिलो, रघू भाटकराच्या दुकानापासून पन्नास पावलांवर.

पुढून वहिनीचा आवाज आला, "आली पाली."

धाकू उतरला. समोर जाऊन त्यानं हँडल मारलं. इंजिन फिरलं, फिरलं, पण पेटलं नाही. त्यानं पुन्हा मारलं. दहा-बारा वेळा मारल्यावर त्याचा सदरा पाठीला चिकटला. दुकानातले लोक बाहेर आले. रघू हातात फडकं घेऊन दारात उभा राहिला. जवळ आला नाही. मागच्या तिन्ही वेळा आला होता म्हणे, हँडलला हातही लावला होता. म्हणजे आमच्या संशयाची कुजबुज इथवर पोचली होती.

धाकूनं बोटं मोजली. मग त्यानं इंजिनावरची एक वायर सोडून लोखंडाजवळ धरली आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. टक् टक् करत निळी ठिणगी उडाली. "ठिणगी हाय," तो म्हणाला, कुणाला असं नाही. मग इंजिनाच्या पोटाखालचा छोटा कॉक उघडला. दोन थेंब पडले आणि थांबले. टाकीकडून येणारी तांब्याची नळी त्यानं सोडवली, तोंडात धरून फुंकली. फुंकर पलीकडून स्वच्छ आली. टाकीच्या तोटीला बोट लावलं, बोट ओलं झालं, पण धार नाही. टाकीला खालून टिचकी मारली, आवाज भरलेल्या हंड्यासारखा आला.

"पेट्रोल हाय," तो म्हणाला. "पन उतरत नाय." बाकड्याशी येऊन त्यानं मान वर केली. "वैनी, टाकी उघडूची हाय. वायच उठा."

"नाही," वहिनी म्हणाली.

"त्याबिगर कळायचं नाय."

"तीनदा उघडलीस की. काय कळलं? आज मी उठायची नाही."

सगळे ऐकत होते. ऊन हौद्यावर आलं होतं. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन गादीवर ठाण मांडून बसलेली, आणि खाली तो माणूस हात पुसत उभा. मला लाज वाटायला हवी होती. पण मला वाटत होती उत्सुकता. आता हा काय करतो?

धाकू म्हणाला, "मंग मास्तरांस उघडू दे. मी हात लावत नाय."

वहिनीनं विचार केला. "ठीक. तू त्या दगडाकडे जा. हात मागे बांध. लोकांना दिसू दे."

तो गेला. भर रस्त्यात, होणाऱ्या व्याह्यासमोर, पोलिसानं धरल्यासारखा हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. रघूनं मान दुसरीकडे वळवली.

वहिनी उतरली. मी गादी उचलली. दोरा जिथल्या तिथे होता, गाठही तीच. वहिनीनं वाकून ती नीट पाहिली आणि स्वतः सोडली. मग मी टोपणाला हात घातला. ते हटेना. दोन्ही हातांनी जोर करून फिरवलं, तेव्हा आत काहीतरी सुस्कारलं. स्स्स असा लांब आवाज झाला, टाकीनं श्वास ओढल्यासारखा, आणि त्याच क्षणी खाली मोकळ्या तोटीतून पेट्रोलची धार रस्त्यावर पडू लागली.

"नळी! नळी लावा!" कुणीतरी ओरडलं. धाकूनं हात सोडले, धावत येऊन तोटीवर अंगठा दाबला आणि नळी जोडली. मग उभा राहिला. त्याचा चेहरा बदलला होता.

"वारा," तो म्हणाला. "तेलास वारा नव्हता. मास्तर, तां टोपन द्या हकडं."

मी दिलं. तो पाठमोरा झाला. मी त्याच्या खांद्याशीच होतो म्हणून मला दिसलं, बाकी कुणाला नाही. टोपणाच्या मधोमध त्यानं चाकूचं टोक फिरवलं. काजळीचा थर निघाला, आणि खालून तपकिरी, चिवट असं काहीतरी ताणत वर आलं. त्यानं ते चिमटीत धरून ओढलं. ते लांबलं आणि तुटलं. कोकणात जन्मलेल्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. खाली सुईएवढं भोक होतं, कारखान्यातून पाडून आलेलं, कडेला गोल नक्षी असलेलं.

"नारळाचा एकच डोळा फोडलांव तर पानी येतां काय?" तो हळूच मला म्हणाला. "दुसरा फोडूचा लागतो, वारा आत जायला. ह्या भोक तेच्यासाठी. चढ येईपरेंत आतला वारा पुरतो, मंग तेल अडतां. मी टोपन काडलं की वारा जायचा नि गाडी चालू. मागनं घाईत तां ढिलांच लागायचां, म्हनून पुढं अडली नाय. सात वर्षां ह्या टोपन मी लावतंय नि काडतंय. तेच्याकडं बघितलं नाय." तो गोळा त्यानं सदऱ्याच्या खिशात टाकला. मग वळला, आणि त्याची नजर एकदा, एकदाच, वहिनीच्या पिशवीवर धरलेल्या हातावर गेली. बोटं अजून काळी होती.

वहिनीनं पदर पुढे ओढून हात झाकला.

"काय झालं होतं रे?" रघूनं लांबून विचारलं.

एवढी माणसं, आणि सगळी वाट बघत. धाकूनं एक शब्द उच्चारला असता तरी काम झालं असतं. तो म्हणाला, "टोपनाच्या भोकात कचरा बसला होता."

"कचरा?" रघू पुढे आला. "एवढ्याश्या कचऱ्यापायी चार खेपा? मंग बघितलास कसा नाय? तुजंच काम ना तां?"

"माजंच," धाकू म्हणाला.

रघूनं फडकं खांद्यावर टाकलं. "मालनच्या लग्नाचं... पावसाळा सरू दे. मंग बसू नि बोलू." ते बसणं कधी होत नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. धाकूनं मान डोलावली, समोर जाऊन हँडल मारलं, आणि लॉरी पहिल्या झटक्याला सुरू झाली. वहिनी गादीवर चढली. मी करंड्यांवर. मीही तो चीक पाहिला होता. मला तोंड होतं. पण घरची बाब चारचौघांत कशी काढायची, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्या बाकड्याला पाठ नव्हती, त्यामुळे मला दोघांची डोकी दिसत होती आणि ऐकूही येत होतं. नाणिजचा चढ लागताना वहिनी एकदम म्हणाली, "मला वाटलं, ते भोक तू पाडलंस. नळी घालून पेट्रोल ओढायला. मी ते बुजवलं. चीक काढलास तर सापडशील म्हणून."

"वळखलांव," धाकू म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी मालकीन. पंचांत तुमचा हात कसा दाखवू?"

मग तिनं विचारलं, "बोटीवरचा तो कॉक तू घेतला होतास का? खरं सांग."

धाकूनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तो गावला, वैनी. वर्षभरानं. बोटीच्या तळाचं पानी उपसलान तवा चिखलात गावला. बरोबरच्या खलाश्यानं मना सांगितलान. सायेबाला कळलं, सगळ्यांस कळलं. बोट दर आठवड्याला दाभोळास लागायची. पन उतरून माज्या गावात 'तो चोर नव्हता' म्हनून सांगूक कोन आला नाय."

एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला फार वाईट वाटलं. मी करंड्यांवर बसून माझ्या त्या अधोरेखित शब्दाचा विचार करत होतो.

साधारण मैलभर गेल्यावर वहिनी म्हणाली, "गाडी फिरव."

"वैनी?"

"पालीला चल."

"आंबे तापतील. आज तरी टायमात जाऊ."

"तापू देत मेले. फिरव म्हणते ना!"

जिच्या घरी पडलेला आंबासुद्धा मोजून वेचला जात असे, तिचं हे बोलणं. रस्ता अरुंद होता. मी उतरून चाकाखाली धोंडे लावले आणि धाकूनं पुढे-मागे करत लॉरी वळवली. वळवताना त्याचा गिअर दोनदा चुकला. असा तो कधी चुकत नसे.

पालीत मघाची माणसं अजून पांगली नव्हती. लॉरी परत येताना पाहून ती पुन्हा उठली. वहिनी कुणाचा हात न धरता उतरली, सरळ रघूच्या दुकानासमोर गेली आणि पदरातून उजवा हात बाहेर काढला.

"भाटकर, हे बघा. हा चीक आहे, फणसाचा. टोपणाचं भोक मी बुजवलं. माझ्या हातानं. याला चोर ठरवायला. गाडी त्यामुळे बंद पडत होती. यानं एक थेंब घेतला नाही, आणि मघा कचरा म्हणाला तो माझी अब्रू राखायला." ती दम घ्यायला थांबली. "बोटीवरचा कॉकसुद्धा सापडला होता. तेव्हा सांगायला कुणी आलं नाही. मी आलेय. आता तुमचं तुम्ही ठरवा."

रघू तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग त्यानं बाकावरची माणसं उठवली आणि फडक्यानं बाक पुसला. "बसा बाय," म्हणाला. नंतर लॉरीकडे बघून मोठ्यानं ओरडला, "धाकूशेट! थकडं काय करताव? हकडं या. तारखेचं बोलू."

धाकू बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता. इंजिनाला काहीएक झालेलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला, तोंड बाहीनं पुसत. दुकानात जाऊन त्यानं रघूच्या बायकोकडून करवंटीत खोबरेल मागून आणलं आणि वहिनीसमोर बाकावर ठेवलं.

"बोटांस लावा, वैनी. चोळून चोळून जाईल."

वहिनीनं करवंटी बाजूला सारली. "राहू दे. कोल्हापुरात दलालाला दाखवायचीयत अजून. त्याला पत्र गेलंय." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंत तुम्हीच ना, भावजी?"

रघूच्या दुकानातली सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी माझा हात पाहिला. शाईचा एक डागही त्यावर राहिला नव्हता. शाई पाण्यानं जाते.